नवं हृदय मिळालं, पुढे काय? : प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट



३ ऑगस्ट हा आपला भारतीय अवयवदान दिन. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. म्हणून २०२३ पासून हा दिवस या तारखेला पाळला जातो, आधी तो नोव्हेंबरात असायचा. त्या दिवशी शाळेत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. परिपाठात माहिती सांगायची, प्रतिज्ञा घ्यायची, फळ्यावर लाल खडूने हृदय काढायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे. गोष्ट संपते ती ठरलेल्या ठिकाणी: ग्रीन कॉरिडॉर झाला, हृदय वेळेत पोहोचलं, पेशंटला नवं आयुष्य मिळालं.

मुलं मात्र तिथे थांबत नाहीत. चौथी-पाचवीच्या वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, मग ते हृदय किती वर्षं चालतं?" आणि त्याच्या मागोमाग, "ते परत खराब नाही का होत?" या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर "होऊ शकतं" असं आहे. गंमत अशी, की पुष्कळदा हृदयाचा स्नायू आधी बिघडत नाही. आधी बिघडतात त्या हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, आणि त्याही गुपचूप, छातीत कळ न येता. आजचा लेख त्याविषयी. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे औषधाचा सल्ला इथे मिळणार नाही. पण ही गोष्ट मुलांना आणि आपल्याला समजेल अशी सांगता येते, तेवढं नक्की करूया.

हृदयालाही रक्त लागतं

आधी थोडी उजळणी. आपलं हृदय मुठीएवढं, दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणारं. त्याच्या कप्प्यांतून सतत रक्त वाहत असतं. त्यामुळे मुलांना (आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही) वाटतं की हृदयाला रक्ताची काय कमी! पण आतून वाहणारं रक्त हृदयाच्या जाड भिंतीला पोसत नाही. हंडाभर पाणी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईची तहान त्या हंड्याने भागत नाही, तसंच. तिला वेगळं पाणी प्यावंच लागतं.

हृदयाचं हे पिण्याचं पाणी येतं करोनरी धमन्यांमधून. शरीराची सगळ्यात मोठी धमनी, म्हणजे महाधमनी, हृदयातून निघते. ती निघाल्या निघाल्याच तिला हे दोन फाटे फुटतात, एक डावा आणि एक उजवा. डाव्याचे लगेच दोन मोठे भाग होतात, म्हणून डॉक्टर "तीन नळ्या" म्हणतात. "तिन्ही नळ्या ब्लॉक आहेत" हे वाक्य आपण नातेवाइकांकडून ऐकलेलं असतंच. या मुख्य नळ्यांची जाडी साधारण बॉलपेनच्या रिफिलीएवढी, म्हणजे तीन-चार मिलिमीटर. हृदयाभोवती त्या मुकुटासारख्या बसतात, म्हणून लॅटिनमधल्या मुकुट या अर्थाच्या शब्दावरून त्यांना करोनरी म्हणतात. करोना विषाणूचं नावही त्याच शब्दावरून आलेलं आहे. हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो.

आता प्रत्यारोपणात काय होतं ते बघा. दात्याचं हृदय काढतात तेव्हा या करोनरी धमन्या त्या हृदयाबरोबरच येतात. सर्जन महाधमनी जोडतात, फुप्फुसाकडे जाणारी धमनी जोडतात, मागच्या बाजूच्या शिरा आणि कप्पे जोडतात. करोनरी धमन्यांना हातही लावत नाहीत. म्हणजे ऑपरेशन झाल्यावर परिस्थिती अशी, की रक्त पेशंटचं आणि नळ्या दात्याच्या. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

चोवीस वर्षांच्या तरुणाचं हृदय

जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केलं. हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. तो पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. पुस्तकात बहुधा नसतो तो दुसरा पेशंट, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा. त्यांचं नाव फिलिप ब्लेबर्ग. दातांचे डॉक्टर, वय ५८. २ जानेवारी १९६८ ला त्यांना २४ वर्षांच्या एका तरुणाचं हृदय बसवलं. ब्लेबर्ग घरी गेले, हिंडू-फिरू लागले, समुद्रकिनाऱ्यावरचे त्यांचे फोटो जगभर छापून आले. १९ महिने ते जगले. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती! बाकीचे बहुतेक पेशंट दिवसांत किंवा आठवड्यांत जात होते.

ऑगस्ट १९६९ मध्ये ब्लेबर्ग गेले. शवविच्छेदनात डॉक्टरांनी ते हृदय पाहिलं, तर त्याच्या करोनरी धमन्या एखाद्या म्हाताऱ्या हृदयरोग्याच्या असाव्यात तशा दाट, अरुंद झाल्या होत्या. विचार करा, हृदयाचं वय जेमतेम पंचविशीचं. ज्या रोगाला बाहेरच्या माणसात तीस-चाळीस वर्षं लागतात तो इथे दीड-पावणेदोन वर्षांत कसा झाला? इतका जास्त की तो नेहमीचा रोग म्हणणंच अवघड. वैद्यकशास्त्राला या नव्या आजाराची ओळख झाली ती अशी. आज त्याला कार्डियाक ॲलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी म्हणतात. एवढं लांबलचक नाव मुलांना सांगायची गरज नाही. आपण या लेखात "प्रत्यारोपित हृदयाचा धमनीरोग" म्हणूया.

ब्लेबर्ग घरी परतण्याच्या सुमारासच आपल्या मुंबईतही प्रयत्न झाला होता, हे फार कमी जणांना माहीत असतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या शस्त्रक्रियांपैकी ती एक. पेशंट काही तासच जगला. त्यानंतर भारतात हा विषय थांबला तो थेट १९९४ पर्यंत. त्या वर्षी मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा झाला आणि एम्समध्ये यश आलं. मुंबईत तर हृदय प्रत्यारोपण यशस्वी व्हायला ४७ वर्षं लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडला डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने बसवलं. मग जानेवारी २०१६ मध्ये आपल्या शहरातूनही हृदय विमानाने मुंबईला गेलं, तेव्हा रस्त्यावर उभे राहून लोकांनी पाहिलेला पहिला ग्रीन कॉरिडॉर अनेकांना आठवत असेल. (विमानच का? दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय बर्फात ठेवलं तरी साधारण चार तासांच्या आत पुन्हा सुरू व्हावं लागतं. इथून मुंबईचा रस्ता किती तासांचा आहे ते मुलांनाच विचारा, उत्तर तेच देतील.) आता राज्यातल्या चार विभागीय अवयव वाटप समित्यांपैकी एक आपल्या शहरात आहे. म्हणजे हा विषय आपल्यासाठी लांबचा राहिलेला नाही.

पाइपला खार धरतो तसं

आता नेमकं काय होतं ते. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी सांगायला नको. त्यामुळे बहुतेक घरी बोअरचं पाणी वापरतात, आणि बोअरच्या पाण्याचा खार म्हणजे काय हे प्रत्येकाने बघितलेलं आहे. जुना पाइप कापला की आतून पांढरा थर दिसतो, चारही बाजूंनी सारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. याउलट कधी नुसत्या एका कोपऱ्यात माती नाहीतर खडा अडकतो, बाकी पाइप स्वच्छ असतो. तिथे प्लंबर तेवढा तुकडा काढतो आणि काम होतं.

नेहमीचा हृदयरोग हा बराचसा खडा अडकल्यासारखा असतो. धमनीच्या एका बाजूला, एका ठिकाणी चरबीचा गोळा साचतो. आसपासचा भाग त्या मानाने बरा असतो. म्हणून तिथे स्टेंट टाकता येतो किंवा बायपास करता येतं. प्रत्यारोपित हृदयाचा धमनीरोग हा खार धरल्यासारखा. धमनी गोलाकार, सगळ्या बाजूंनी सारखी जाड होते आणि हे मोठ्या नळीपासून पार बारीक फांद्यांपर्यंत पसरतं.

उदाहरण इथपर्यंतच ताणा. खार बाहेरून पाण्यातून येतो. इथे मात्र भिंत स्वतःच आतून जाड होते. धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर असतं. त्या अस्तराला इजा झाली की भिंतीतल्या स्नायूपेशी आतल्या थरात सरकतात, वाढतात आणि धाग्यांसारखं द्रव्य तयार करतात. थरावर थर चढतो आणि मधली वाट बारीक होत जाते.

अस्तराला इजा कोण करतं? पेशंटचीच रोगप्रतिकारशक्ती. आपल्या प्रत्येक पेशीवर एक प्रकारचं ओळखपत्र असतं. शाळेच्या गेटवर शिपाईमामा ओळखपत्र बघतात तसे रक्तातले पांढरे सैनिक हे ओळखपत्र बघत फिरतात. दात्याच्या हृदयावर दात्याचं ओळखपत्र. आणि पेशंटच्या रक्ताला सगळ्यात आधी, दिवसरात्र, क्षणाक्षणाला कुणाचा स्पर्श होतो? त्या धमन्यांच्या आतल्या अस्तराचा. सैनिकांना वाटतं, हा परका. ते हल्ला करतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. औषधांनी हा हल्ला दाबून ठेवलेला असतो, पण पूर्ण बंद करता येत नाही, कारण पूर्ण बंद केला तर साधी सर्दीही जीवावर बेतेल. म्हणून धुसफुस चालू राहते. मोठं भांडण नसतं, पण वर्षानुवर्षं चाललेली धुसफुस असते.

हे प्रतिकारशक्तीचं काम आहे याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा सांगते. त्याच पेशंटच्या हातापायांच्या, पोटाच्या धमन्यांमध्ये हा रोग नसतो. तो फक्त दात्याकडून आलेल्या धमन्यांमध्ये होतो. रक्त एकच, कोलेस्टेरॉल एकच, साखर एकच. पण जिथे टाके घातले त्या सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे वेगळं.

अर्थात प्रतिकारशक्ती एकटी दोषी नाही. दात्याचं वय जास्त असणं, हृदय बर्फात जास्त वेळ राहणं, मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरात उसळणारी रसायनं, सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा संसर्ग, वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह हे सगळे त्यात भर घालतात. त्यातही एक पेच आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या काही औषधांनीच रक्तदाब आणि साखर वाढते.

किती जणांना होतं, हा प्रश्न पालक विचारतातच. जगभरच्या नोंदी सांगतात की अँजिओग्राफीत हा रोग पहिल्या वर्षाअखेर साधारण १०० पैकी ८ जणांत दिसतो, पाच वर्षांनी सुमारे ३० जणांत आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या जणांत. ऐकून दचकू नका. दिसणं म्हणजे लगेच जीव धोक्यात असणं नव्हे, अनेकांमध्ये तो वर्षानुवर्षं सौम्य राहतो. आणि दुसरी बाजूही बघा. प्रत्यारोपण झालेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जण आज बारा वर्षांच्या पुढे जगतात, लहान मुलं त्याहूनही जास्त. प्रत्यारोपणाची वेळ आली म्हणजे मूळच्या हृदयाची मुदत महिन्यांत मोजली जात होती, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे "मग एवढं करून उपयोग काय?" असं कुणी म्हणालं तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेवा.

न दुखणारं हृदय

या आजारातली मला सगळ्यात जास्त काळजीची वाटलेली बाब ही. साध्या हृदयरोगात छातीत कळ येते, डावा हात भरून येतो, घाम फुटतो. ती धोक्याची घंटा असते. प्रत्यारोपणात दात्याच्या हृदयाच्या नसा, म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा, कापल्या जातात. रक्तवाहिन्या सर्जन जोडतात, पण या बारीक तारा जोडता येत नाहीत. म्हणून हृदयाला रक्त कमी पडलं तरी मेंदूला कळतच नाही. काही जणांत वर्षांनंतर थोड्या तारा पुन्हा वाढतात आणि दुखणं जाणवू शकतं, पण त्यावर विसंबता येत नाही. मग कळतं कसं? लवकर दम लागणं, खूप थकवा, पायावर सूज, चक्कर, ठोके अनियमित होणं. लहान मुलांत तर कधी नुसतं पोट दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही. आणि काही वेळा काहीच न कळता अचानक मृत्यूही येतो.

या तुटलेल्या तारांची एक वेगळीच गंमत मुलांना नाडीच्या प्रयोगातून दाखवता येते. मुलांना बसवून एक मिनिट नाडी मोजायला लावा, मग मैदानाला एक फेरी मारायला लावून लगेच पुन्हा मोजा. ठोके एकदम वाढलेले असतात, कारण मेंदूने तारेवरून हुकूम दिलेला असतो. प्रत्यारोपित हृदयाला तार नाही. त्यामुळे ते बसल्या जागीही जरा जलद, मिनिटाला नव्वद-शंभरच्या आसपास चालतं. पळायला लागलं की लगेच वाढत नाही, रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत काही मिनिटं जातात. थांबल्यावर उतरायलाही वेळ लागतो. तारेऐवजी टपाल, असं मी म्हणते.

कळ येत नाही, म्हणून शोधायला जावं लागतं. दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तशी अँजिओग्राफी करतात. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रेवर धमन्यांची सावली बघतात. पण सावलीला एक मर्यादा आहे. एका ठिकाणी अरुंद असेल तर शेजारच्या रुंद भागाशी तुलना होऊन पटकन दिसतं. सगळीच नळी सारखी अरुंद झाली असेल तर? ती नुसतीच बारीक पण ठीकठाक दिसते. वर्गात एकाला कमी मार्क पडले तर लगेच लक्षात येतं, सगळ्यांनाच कमी पडले की आपण पेपर अवघड होता म्हणतो, तशातली गत. म्हणून काही केंद्रांत नळीच्या टोकावर छोटी सोनोग्राफी बसवून धमनीच्या आतून भिंतीची जाडीच मोजतात. पहिल्या वर्षात आतला थर अर्धा मिलिमीटर जरी वाढला तरी पुढच्या धोक्याची ती खूण मानतात. अर्धा मिलिमीटर! आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीवरची सगळ्यात लहान खूण एक मिलिमीटरची.

एवढ्याशा जाडीने काय बिघडतं, हे वर्गात दाखवायला दोन स्ट्रॉ पुरतात. एक नारळपाण्याची जाड, दुसरी फ्रूटीच्या पाकिटाची बारीक. दोन ग्लास ताक घ्या आणि दोन मुलांची शर्यत लावा. बारीक स्ट्रॉवाला गाल आत जाईपर्यंत ओढतो तरी मागेच राहतो. मोठ्या वर्गाला यातलं गणितही सांगता येईल. दाब आणि लांबी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. सातवी-आठवीच्या घातांकाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

इलाज आहे का?

पूर्ण बरा करणारा इलाज एकच, पुन्हा प्रत्यारोपण, आणि तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो. एका हृदयासाठीच किती जण रांगेत असतात! एखाद्या ठिकाणी जास्त अरुंद असेल तर स्टेंट टाकतात, पण पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. बायपास क्वचितच करता येतं, कारण नवी नळी जोडायला पुढे चांगली जागाच शिल्लक नसते. म्हणून सगळा भर आहे तो हा रोग लांबवण्यावर. कोलेस्टेरॉलसाठी देतात ती स्टॅटिनची गोळी प्रत्यारोपणानंतर लवकरच सुरू करतात, कोलेस्टेरॉल वाढलेलं नसलं तरी. १९९५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये धमनीरोग कमी झाला आणि ते जास्त जगले. नुसतं कोलेस्टेरॉल उतरवणं एवढंच तिचं काम नाही, ती प्रतिकारशक्तीची धुसफुसही थोडी शांत करत असावी असं मानतात.

दुसरं औषध म्हणजे सिरोलिमस आणि त्याचं भावंड एव्हरोलिमस. ही औषधं भिंतीतल्या पेशींची वाढच रोखतात. सिरोलिमसची गोष्ट मी मुलांना नक्की सांगते. १९६४ साली पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर, जिथे ते प्रसिद्ध दगडी पुतळे आहेत, एक कॅनेडियन पथक गेलं आणि तिथली माती घेऊन आलं. त्या मातीतल्या एका जिवाणूतून हे औषध मिळालं. ते शोधणाऱ्यांत मुख्य होते डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. पुढे कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि काम गुंडाळलं. सेहगलांनी तो जिवाणू घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपून ठेवला आणि संधी मिळाल्यावर काम पुन्हा सुरू केलं. १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, आधी किडनीच्या पेशंटसाठी. घरातल्या फ्रीजरमध्ये भाजीशेजारी जिवाणू ठेवायला त्यांच्या सौंनी कशी परवानगी दिली असेल, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

असं मूल आपल्या वर्गात आलं तर

आता प्रत्यारोपणं मुलांमध्येही होतात, त्यामुळे आज ना उद्या कुणाच्या तरी वर्गात असं मूल बसणार. पहिली गोष्ट, औषधाची वेळ. प्रतिकारशक्तीची मुख्य औषधं बहुतेकांना दर बारा तासांनी, रोज, आयुष्यभर घ्यावी लागतात. सहल असो, स्नेहसंमेलन असो, वेळ चुकवायची नाही. लहानपणी आई-बाबा बघतात, खरी अडचण आठवी-नववीत येते. "मी आता बरा आहे" म्हणून किंवा मित्रांसमोर गोळ्या घ्यायची लाज वाटते म्हणून मुलं डोस चुकवायला लागतात. चुकवलेल्या डोसाने लगेच काही होत नाही आणि तिथेच घात होतो, आत धुसफुस वाढलेली असते. अशा मुलाला गोळी घ्यायला ऑफिसात एक शांत कोपरा दिला तर ते आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट, "नाटक करतोय" हा शब्द त्याच्या बाबतीत वापरायचा नाही. वर सांगितलंच, त्याची छाती दुखणार नाही. पोट दुखतंय, आज जिना चढताना दम लागला, कालपासून जेवत नाही, एवढंच तो सांगेल. हे त्याच दिवशी पालकांना फोन करून कळवायचं, वहीत शेरा लिहून नाही. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तरी तसंच, लगेच फोन.

खेळू द्यावं का? डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जरूर द्यावं, बाजूला बसवून ठेवू नये. फक्त तारेऐवजी टपाल हे लक्षात ठेवा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं सावकाश हालचाली, मग खेळ, आणि शेवटी एकदम न थांबवता हळूहळू थांबवणं.

पालकांसाठी एक बाब, कारण आपल्याकडे प्रेमापोटी हे फार होतं. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून गुळवेलीचा काढा, कुठलं चूर्ण, शेजारच्या आजींनी दिलेला लेह. या मुलाची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली आहे, ती वाढवणं म्हणजे त्या धमन्यांवर सैनिक सोडणं. पपनसासारखी काही फळंसुद्धा औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नवीन द्यायचं नाही.

आणि हजेरी. वर्षातून एकदा तरी हे मूल तपासणीसाठी मुंबई-पुण्याला जाणार, मधल्या रक्ततपासण्या वेगळ्या. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस त्याला कधीच मिळणार नाही, म्हणून निदान त्याच्यासमोर त्या बक्षिसाचा फार गाजावाजा नको. अँजिओग्राफी करून आलं की मांडीला किंवा मनगटाला जिथून नळी घातली तिथे ठणका असतो. चालताना लंगडलं, लिहिताना हात थांबला तर कारण ते आहे. पळायला कधी लावायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, ती चिठ्ठी मागून घ्या आणि क्रीडाशिक्षकांनाही दाखवा.